शेळीबद्दलचं खरं मत

माझ्या घरमालकाने मला फसवलं. एकदाच नव्हे, दोन वर्षं, माझ्याच दुकानात बसून आणि माझ्याच हातांनी काम करून घेत. मद्रासचा एक ऑडिटर, बंगळूरचा एक टेलिफोन इंजिनियर आणि न्यू जर्सीच्या एक बाई त्यांना सामील होत्या. आणखीही काही जण होते, त्यांचं मी सोडून दिलं आहे. ह्या तिघांचं सोडलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या माणसाचं कौतुक करणार आहे आणि ते वाचून कुणी समजू नये की माझं भांडण मिटलं.

कुंभकोणममध्ये माझं भांड्यांचं दुकान आहे. पितळी समया, कॉफीच्या वाटी-पेल्याच्या जोड्या, म्हणजे डवरा-टंबलर, लग्नातली मोठी पातेली. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. सायकलवर पाट्या बांधून पापनाशमपर्यंतच्या खेड्यांतून जुनी मोड गोळा करायची, ती देऊन नवं भांडं आणायचं आणि दारोदार विकायचं, असं करत मी इथवर आलो. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेतलं नाही आणि घासाघीस केल्याशिवाय काही दिलंही नाही. फुकट मिळालेली वस्तू मला हातात धरवत नाही. प्रसाद घेतानाही मी दक्षिणा आधी टाकतो.

दुकान खाली, घरमालक वर. ते आमच्याच भाषेचे. आम्ही दोघंही तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्यांच्या वंशातले. पण त्यांचं घराणं राजाच्या कचेरीतलं आणि माझं राजाच्या पागेतलं. त्यांच्याकडे पोथ्या आल्या, आमच्याकडे आवाज आला. घरात दोघांचीही मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझी शाळा तमिळ, तीही आठवीपर्यंत; इंग्रजी अक्षरं तेवढी तिथे शिकलो. मराठी मी बोलत होतो, भांडत होतो, मुलांना झोपवत होतो. वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं. त्याचं वाईटही वाटत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं.

मी त्यांना मामा म्हणत असे. ते मला 'भांडेवाल्या' म्हणत.

मामा कोर्टात दुभाषी होते. निवृत्त झाले तरी कोर्ट त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. दुभाष्याचा नियम असा की साक्षीदार 'मी' म्हणाला तर दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं. आपलं म्हणून एक अक्षर घालायचं नाही, दुसऱ्याचं एक अक्षर गाळायचं नाही. सबंध नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या 'मी'त काढली आणि मग ती सवय घरी घेऊन आले. एका सकाळी जिन्यातून उतरताना ते मला गंभीरपणे म्हणाले, "मी पुढल्या महिन्यांत बाळंत होणार. ओकाऱ्या थांबल्या." मी समई पुसत होतो, तसाच राहिलो. शिकागोहून मुलीचा फोन आला होता. तिचा निरोप ते तिच्याच तोंडाने सांगत होते.

गल्लीला ह्याची सवय होती. दूधवाल्याला ते म्हणत, "मी गेले दोन दिवस पाणी फार घालतों आहें." ही त्यांच्या सुनेची तक्रार नव्हती, सून नव्हतीच. दूधवाल्याने आदल्या दिवशी शेजारणीजवळ दिलेली ती कबुली होती. ती त्यांनी ऐकली होती आणि आता शब्दशः परत केली होती.

त्यांच्या कोर्टातली एक गोष्ट अजून सांगतात. तिरुभुवनमचा एक विणकर साक्षीला उभा होता. तेलुगू बोलणारा, तापट. वकिलाने फार छळल्यावर तो न्यायाधीशांकडे वळून काहीतरी ओरडला. न्यायाधीशांना तेलुगू येत नव्हतं. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा हात मागे बांधून, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आपण गाढव आहांत. आपल्याला रेशीम आणि काथ्या यांतला फरक कळत नाहीं." न्यायाधीश म्हणाले, सौम्य करून सांगता आलं असतं. मामा म्हणाले, "सौम्य केलें असतें तर ती माझी साक्ष झाली असती."

मी हे ऐकलं तेव्हाच ह्या माणसाचं दुकान घ्यायचं ठरवलं. भाड्यावरून आमचं महिनाभर चाललं. मी ज्या आकड्यावर अडलो होतो तो त्यांनी शेवटी मला माझ्याच आवाजात, माझ्याच कुरकुरीसकट म्हणून दाखवला आणि म्हणाले, "हें ऐकायला असें लागतें. आतां पुन्हा सांग." मी थोडा वर चढलो. मला भावात वर चढवणारा तो एकटाच माणूस.

नव्वदीच्या शेवटी शेवटी सिंगापूरचं एक समया घेणारं गिऱ्हाईक म्हणालं की फोन परवडत नाही, ई-मेल ठेवा. मी कॉम्प्युटर घेतला. मोडेम जोडला की तो आधी किंचाळायचा, मग खरखरायचा. पहिल्याच दिवशी मामा जिन्यात येऊन उभे राहिले.

"कोण रडतें आहे रे?"

"कॉम्प्युटर, मामा. त्याला लाइन मिळत नाहीं."

"मिळाल्यावर काय करतो?"

"पत्र पाठवतो. अमेरिकेलासुद्धां."

ते खाली आले, स्टुलावर बसले आणि पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा दुभाषीच. दुसऱ्याचें बोलणें पोचवतो, आणि रडतोही स्वतः." त्या दिवसापासून ते स्टूल त्यांचं झालं.

मंडळ त्यांनी सुरू केलं ते असं. मुलीने तिकडून आमची भाषा बोलणाऱ्या काही जणांचे ई-मेलचे पत्ते कळवले होते. मामांनी सगळ्यांना एकच पत्र माझ्याकडून टाइप करून घेतलं: आपण सगळे पोटापाण्यासाठी पांगलों. आपली भाषा आतां स्वयंपाकघरांत आणि भांडणांत उरली. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचावें आणि त्यावर लिहावें. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण ह्या भांडेवाल्याच्या यंत्राला दुसरीं येत नाहींत.

मी विचारलं, मंडळाचं नाव काय टाकू? "नांव नको," ते म्हणाले. "नांव ठेवलें कीं अध्यक्ष येतो."

नियम एकच होता. 'आवडलें' हा शब्द लिहायचा नाही. "आवडलें हें सांबाराला म्हणावें. पुस्तक वाचतांना तूं कुठें थांबलास तें लिही. थांबला नाहींस तर तेंही लिही."

आता वाचायचं काय, ह्यावर जे झालं ते मी व्यापारातही पाहिलेलं नाही. ऑडिटरला काहीतरी भक्तिपर हवं होतं. इंजिनियरला अगदी आजच्या पुण्यातलं, ज्यात माणसं दारू पितात असं. न्यू जर्सीच्या बाईंना त्यांची आई म्हणत असे त्या ओव्या हव्या होत्या, पण त्या कुठल्या पुस्तकात आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मतं मागवली. प्रत्येकाचं मत स्वतःच्या पुस्तकाला पडलं. दोन आठवडे नुसती भांडणाची पत्रं चालली होती. मी टाइप करता करता मनातल्या मनात तोडगे काढत होतो, कारण असा सौदा मी अर्ध्या तासात मिटवला असता.

मामांनी तोडगा काढला तो आमच्या गावचा. इकडे लग्न ठरवायचं, जमीन घ्यायची, ऑपरेशन करायचं की नाही असं काही अडलं की देवापुढे फुलं ठेवून बघतात. केळीच्या पानात दोन पुड्या बांधायच्या, एकीत पांढरं फूल, एकीत तांबडं. पांढरं म्हणजे हे, तांबडं म्हणजे ते, असं आधी बोलून ठेवायचं. मग ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही अशा कुणाकडून एक पुडी उचलवायची. मामांनी जाहीर केलं की दर वेळी दोन पुस्तकं काढायची आणि फुलं लावून बघायची. इंजिनियरने लिहिलं की हे विज्ञानाचं युग आहे. मामांनी उत्तर सांगितलं, "विज्ञानालाही एक मत देतों. कुठलें पुस्तक हवें तें त्यानें कळवावें."

"आणि पुडी कोण उचलणार?" मी विचारलं.

"ज्याला त्या दोन्हीं पुस्तकांतलें एक अक्षर वाचतां येत नाहीं तो."

मी टाइप करायचा थांबलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस ह्या मंडळांत दुसरा कोण आहे?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढी शिकलेली माणसं देशोदेशी वाट बघत बसणार आणि त्यांनी काय वाचायचं ते माझा हात ठरवणार, ह्याची मला भूल पडली. दर महिन्याला मी आंघोळ करून, दुकान उघडायच्या आधी वर जायचो. मामांच्या देवघरात केळीच्या पानाच्या दोन पुड्या असायच्या. मी डोळे मिटून एक उचलायचो. मामा ती सोडायचे. दुसरी न सोडताच ते मागल्या विहिरीत टाकायचे. "हरलेल्याचें तोंड बघूं नये," असं म्हणायचे. मला ते फार थोर वाटायचं. व्यापारात आम्ही हरलेल्याचं तोंड मुद्दाम बघतो.

पहिल्या वेळी एका बाजूला जाडजूड चरित्र होतं आणि दुसऱ्या बाजूला मुलांसाठी लिहिलेलं, मोठ्या अक्षरांचं, एका शेळीचं पुस्तक. पुडीतून शेळी निघाली.

मी मामांना म्हटलं, देवाचं काहीतरी चुकलं. ते म्हणाले, "देवाला तूं भाव सांगूं नकोस." पुस्तकाच्या प्रती पुण्याहून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर गेल्या. गोष्ट अशी: एका गरीब माणसाची शेळी हरवते. काही दिवसांनी ती आपण होऊन परत येते, तेव्हा तिच्या गळ्यात एक सुंदर घंटा असते. ती कुणी बांधली ते तिला सांगता येत नाही. मग तो माणूस घंटेचा मालक शोधत गावोगाव फिरतो. मालक काही सापडत नाही. पुस्तक तिथेच संपतं.

आणि ह्या शेळीवर त्या लोकांनी काय काय लिहिलं. भक्तिपर मागणाऱ्या ऑडिटरने घंटेची मालकी कायद्याने कुणाची ह्यावर लांबच लांब पत्र लिहिलं. इंजिनियरने घंटेचा आवाज किती लांब जाईल ह्याचं गणित मांडून, मालक ऐकण्याच्या टप्प्यातच असणार पण गप्प बसला असणार, असा निष्कर्ष काढला. न्यू जर्सीच्या बाईंनी लिहिलं की शेळी परत का आली तिथे त्या थांबल्या, आणि मग दोन दिवस त्यांनी पुस्तक उघडलं नाही. मी ही पत्रं छापून मामांना वाचून दाखवत होतो आणि मनात म्हणत होतो, शिकलेली माणसं म्हणजे कमाल आहे, ह्यांना शेळीही पुरते.

माझं काम तेवढंच नव्हतं. मामांच्या पत्रात पुस्तकातला उतारा असायचा, आणि मामांना जवळचं दिसत नव्हतं. निदान ते तसं म्हणत. चष्मा वर राहिला, चष्म्याची दांडी मोडली, चष्म्याने डोकं दुखतं. ते पुस्तक माझ्या हातात देत.

"हें कुठलें अक्षर बघ. पोट आहे कीं शेपूट?"

"पोट आहे."

"मध्यें रेघ?"

"तिरकी."

"मग तो ष. टाइप कर. पुढचें?"

"काठी आणि बाजूला वाटी."

"वाटी डावीकडे उपडी आहे?"

"उपडी."

"तो ग नव्हे मग. नीट बघ, भांडीं विकतोस आणि वाटी ओळखूं येत नाहीं."

ह्या कामाचाही मी सौदा केला होता. मी त्यांचे डोळे व्हायचं, त्यांनी भाडं वाढवायचं नाही आणि मागली गळकी भिंत दुरुस्त करून द्यायची. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच कुणी हो म्हणालं की मी माल उलटून पालटून बघतो. त्या दिवशी बघितला नाही. त्याच माणसाला मी गच्चीवरून सांगताना ऐकलं होतं की कोपऱ्यावर आलेली बस पापनाशमची आहे, मायावरमची नव्हे. आणि कोपरा चांगला लांब आहे. मी विचारलं तर म्हणाले, "लांबचें दिसतें रे. जवळचें दिसत नाहीं." वय झालेल्यांचं असं होतं, म्हणून मी पटवून घेतलं.

शेळीनंतर एका वैद्याच्या आठवणी आल्या, अक्षर जरा लहान. मग प्रवासवर्णन आलं. मग छोट्या गोष्टी. मला वाटे, देवाची आवड हळूहळू वाढते आहे.

एकदा पुण्याहून पार्सल आलं. पुस्तकं जुन्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मामा वर झोपले होते. कागद फेकता फेकता माझी नजर त्यावरच्या कुकरच्या चित्रावर गेली. माझाच धंदा, म्हणून खालचं बघितलं. 'झाकण घट्ट बसते.' मी तिथेच उभा राहिलो. कुणी विचारलं नव्हतं, पोट की शेपूट कुणी म्हटलं नव्हतं. झाकण घट्ट बसते. मी पुन्हा वाचलं. मग खालची सगळी जाहिरात वाचली, कंपनीच्या पत्त्यासकट. कागद घडी करून खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाला हवी ती समई काढून दिली. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा मला विचित्र वाटे. माझ्या दुकानात फोन असताना मामा लांबचे फोन करायला गल्लीच्या टोकाच्या एसटीडी बूथवर जात. मी म्हटलं, माझा फोन वापरा, बिल बघून घेऊ. ते म्हणाले, "तुझ्या फोनला तुझे कान आहेत."

मग एका महिन्यात मामांना ताप आला. पुड्या बांधायचा दिवस होता. ते म्हणाले राहू दे, पुढल्या आठवड्यात बघू. मी म्हटलं, लोक वाट बघतात, फुलं मी आणतो. ते काहीतरी म्हणत होते तोवर मी जिना उतरलो होतो.

देवळाच्या कोपऱ्यावर ते जिच्याकडून फुलं घेत त्या फूलवालीला मी म्हटलं, आमच्या मालकांना लागतात तशी थोडी पांढरी तगर दे, थोडी तांबडी कण्हेर दे. दर ठरवून घ्यायला मी तोंड उघडलं होतं.

ती म्हणाली, "दोन्ही? थोरले दोन्ही कधी नेत नाहीत."

"म्हणजे?"

"एका वेळी एकच रंग. कधी पांढरी, कधी तांबडी. मी म्हटलं पण एकदा, दोन्ही घ्या, माळ चांगली दिसेल. म्हणाले, माळ करायची नाही, एकाच रंगाचं काम आहे."

मी फुलं न घेता परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा दर न ठरवता परत आलो. येताना विहीर डोळ्यांसमोर होती. हरलेल्याचं तोंड.

मामा पांघरूण घेऊन भिंतीला टेकून बसले होते.

"दोन्हीं पुड्यांत एकच फूल," मी म्हटलं.

"हो."

"देवापुढें बसून."

"देवाला मी पुष्कळ विचारतों. पुस्तक काय वाचावें हा त्याचा विषय नाहीं."

"मग मला कशाला बसवलेंत? तुम्हीच निवडायचीं होतीं तर तसें सांगायचें. माझा हात कशाला?"

त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर सारखं केलं. मग म्हणाले, "हात तुझाच पाहिजे होता."

ह्याचा अर्थ मला लागला नाही आणि लावून घ्यायची इच्छाही नव्हती. माझ्या हाताने ते लोक चालले आहेत असं मी समजत होतो, आणि माझा हात नुसता देखाव्याला ठेवलेल्या समईसारखा होता. मी खाली आलो आणि मोडेमची वायर काढून गल्ल्यात टाकली. सिंगापूरवाल्याला कळवलं, फोन करा. स्टूल उचलून मागे ठेवलं. मामा बरे झाल्यावर रोज जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायचे, स्टुलाची जागा बघायचे आणि वर जायचे. आमचं बोलणं बंद होतं. मंडळही बंद पडलं.

असे काही आठवडे गेले. एक दिवस दुकानासमोर रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. साडी तिरुभुवनमची, पायात बूट. पाटी बघून त्या आत आल्या आणि आमच्या मराठीत म्हणाल्या, "तुम्हीच का ते? मी न्यू जर्सीची."

मी खुर्ची दिली. कॉफी मागवली. कितीही राग असला तरी दुकानात आलेल्याला मी उभं ठेवत नाही.

"पत्रें कां थांबलीं?" त्या म्हणाल्या. "आम्हांला काळजी लागली. ऑडिटर म्हणाले, आतां तर तो चांगला वाचूं लागला असेल, आतां कां थांबायचें?"

"कोण वाचूं लागला असेल?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, अगदी सहज. "तुमच्यासाठींच तर आम्हीं सगळ्यांनीं शेळी वाचली."

त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टंबलर खाली ठेवला. पण आता थांबून उपयोग नव्हता, म्हणून सगळं सांगितलं. मामांनी सुरुवातीलाच प्रत्येकाला बूथवरून फोन केला होता. खाली एक माणूस आहे, त्याला वाचायला शिकवायचं आहे, शिकवतो म्हटलं तर तो फी विचारील आणि घासाघीस करील, आणि घासाघीस सुरू झाली की तो आपल्याला अक्षर येत नाही हे पहिल्यांदा मोठ्याने बोलेल. ते त्याला बोलायला लागू नये. म्हणून पुस्तकं त्याच्या अक्षरांच्या बेताने लावू. तुम्हाला पटत असेल तर वाचा. आणि त्या सगळ्यांनी, त्या ऑडिटरने, त्या इंजिनियरने, ज्यांना पोथ्या आणि पुणे हवं होतं, शेळीपासून सुरुवात केली.

मी त्यांना घेऊन वर गेलो. घेऊन गेलो म्हणजे पुढे धावलो, त्या मागून आल्या. मामा आरामखुर्चीत होते. आणि मी सुरू केलं. मला राग आला की माझी मराठी जाते. भांडायला मी बाजारात शिकलो, तिथली भाषा तमिळ. बाई हैदराबादकडे वाढलेल्या, त्यांना तमिळ येत नव्हतं. त्या दाराशी उभ्या राहून एकदा माझ्याकडे, एकदा मामांकडे बघत होत्या.

मामांनी ते पाहिलं. ते उठून उभे राहिले. हात मागे बांधले, नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि कोर्टातल्या त्या सपाट आवाजात माझ्यामागून बोलू लागले.

"मी भांडीं विकतों. आजवर मी कुणाचें फुकट घेतलें नाहीं."

मी ओरडत होतो, ते सांगत होते.

"ह्या लोकांनीं मला भीक घातली आणि वाडगा माझ्या नकळत माझ्या हातांत ठेवला."

"मी दोन वर्षें डोळे मिटून पुड्या उचलल्या. हीं माणसें तिकडे हसलीं असतील."

"हा म्हातारा लबाड आहे. देवापुढें लबाडी करतो. ह्याच्या चष्म्याला आग लागो."

एक शब्द त्यांनी सौम्य केला नाही. स्वतःला लबाड म्हणताना आवाज तसूभर हलला नाही. दोन-तीन शिव्या मी अशा दिल्या की त्यांना मराठी शब्द नाहीत. त्यांनी शोधून दिले. असं ऐकणारं कुणी मला कधी भेटलं नव्हतं. माझा श्वास संपला. मी थांबलो.

मामा भिंतीकडेच बघत होते. आणि त्याच आवाजात ते म्हणाले, "मला वाचतां येतें, हें मीं अजून माझ्या बायकोलाही सांगितलेलें नाहीं. ज्याचा भाव मीं दिला नाहीं तें माझें आहे असें मला म्हणवत नाहीं."

त्यांनी हात सोडले आणि खाली बसले.

हे मी बोललो नव्हतो. तमिळमध्ये नाही, मराठीत नाही. सबंध नोकरीत ज्या माणसाने साक्षीदाराच्या तोंडी आपलं एक अक्षर घातलं नाही, न्यायाधीशाला गाढव म्हणायची वेळ आली तरी घातलं नाही, त्याने माझ्या तोंडी अख्खी दोन वाक्यं घातली होती. आणि त्यांत चूक काढायला मला जागा सापडत नव्हती. मी खूप शोधली.

"हें मी म्हटलें नाहीं," मी शेवटी म्हटलं.

"जबाब वाचून दाखवला," मामा म्हणाले. "दुरुस्ती असेल तर सांग."

बाई रडत होत्या की काय, मी बघितलं नाही.

मी दुरुस्ती सांगितली नाही. सौदा सांगितला. म्हटलं, भाव देणार. फुकट मी ठेवून घेणार नाही. पुढचं पुस्तक मी निवडणार, पुडीशिवाय, उघड्या डोळ्यांनी, आणि मंडळातल्या सगळ्यांनी ते वाचायचं. मामांनी कुठलं म्हणून विचारलं.

"शेळी. पुन्हां. माझ्यासाठीं नाहीं, ज्यानें त्यानें स्वतःसाठीं. आणि ह्या वेळीं खरें लिहायचें. मला दाखवायला नव्हे."

मामांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. जवळून, चष्म्याशिवाय, व्यवस्थित.

"भाव जास्त मागतोस," ते म्हणाले.

"मी असाच मागतों."

"दिला."

मी मोडेमची वायर परत जोडली. मामांनी पत्र सांगितलं, मी टाइप केलं आणि शेळीच्या पहिल्या पानावरचा उतारा पुस्तकातून स्वतः वाचून घातला. पोट की शेपूट त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते. मी एका ठिकाणी अडखळलो तेव्हा फक्त त्यांची बोटं हलली.

त्यांनी स्वतःचं मत लिहून घ्यायला मला पुढल्या सोमवारी बोलावलं होतं. सोमवार त्यांना मिळाला नाही. मुलगी आली, दिवस झाले, वरचं घर बंद झालं. मी सगळ्यांना कळवलं. सगळ्यांची दुःखाची पत्रं आली, चांगली होती. शेळीचं त्यात कुणी काढलं नाही. मला वाटलं, सुतक संपल्यावर काढतील. मग ऑडिटरचा पत्ता बदलला, इंजिनियर दुसऱ्या नोकरीत गेला, बाईंची नाताळची कार्डं येत राहिली.

आता मी इतर पुस्तकं वाचतो. बायकोला वाचून दाखवतो, ती झोपते. शेळीचं पुस्तक मी किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी तो माणूस घंटा हातात धरून गावोगाव विचारत जातो आणि प्रत्येक वेळी मी त्याच पानावर थांबतो.

म्हणून हे लिहिलं आहे, आणि छापायला दिलं आहे, म्हणजे पत्ता बदललेल्यांनाही दिसेल. ऑडिटरसाहेब, इंजिनियरसाहेब, न्यू जर्सीच्या ताई. मामांनी तुमच्या वतीने भाव कबूल केला होता आणि मी माल ठेवून घेतला तो त्या बोलीवर. पहिल्या वेळी घंटेच्या मालकीचं, आवाजाच्या टप्प्याचं, दोन दिवस पुस्तक न उघडल्याचं तुम्ही जे लिहिलंत, ते तुम्हाला खरंच वाटलं होतं, की मला ऐकवण्यापुरतं होतं? शेळी पुन्हा वाचा आणि सांगा. दुकान तिथेच आहे. इंग्रजी अक्षरांत नको, मराठी अक्षरांत लिहा, हाताने, हवं तितकं बारीक. इथे वाचून घेणारा आहे.